सरोवरातील प्रकाशसंश्लेषी जीवाणूंची विविधता कशी अभ्यासावी: पाण्यापासून गाळापर्यंत

गोड्या पाण्याच्या सरोवरातील प्रकाशसंश्लेषी जीवाणूंचा विषय निघाला की बहुतेकांना पृष्ठभागावर तरंगणारा हिरवा थर आठवतो. तो थर बहुधा सायनोबॅक्टेरियांचा असतो आणि त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु प्रकाशाच्या बळावर जगणारे जीवाणू आणखी तीन ठिकाणी आढळतात: ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइड सुरू होते त्या खोलीवर, उथळ काठाच्या गाळाच्या वरच्या काही मिलिमीटरांत, आणि भरपूर ऑक्सिजन असलेल्या स्वच्छ पाण्यात इतर सामान्य जीवाणूंमध्ये मिसळून. नवख्या अभ्यासकाचा पहिला नमुना बहुधा काठावर उभे राहून बाटलीत भरलेला असतो आणि त्यात या तिन्ही ठिकाणांपैकी फार थोडे येते. हे जीवाणू प्रकाश, ऑक्सिजन आणि सल्फाइड यांच्या खोलीनुसार बदलणाऱ्या प्रमाणाप्रमाणे थराथरांनी राहतात. म्हणून आधी खोलीनुसार पाणी मोजावे, मग नमुना घ्यावा, आणि हाती आलेल्या नावांच्या यादीवर दोन वेगळ्या पद्धतींनी खात्री झाल्याशिवाय विश्वास ठेवू नये, असा या लेखाचा आग्रह आहे.

पहिली पायरी: कोणाला शोधायचे ते ठरवणे

प्रकाशसंश्लेषणाची क्षमता जीवाणूंच्या वंशवृक्षात एकाच फांदीवर नाही, ती एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक फांद्यांवर विखुरलेली आहे. त्यामुळे केवळ एका कुळाचा शोध घेऊन ‘प्रकाशसंश्लेषी जीवाणूंची विविधता’ समजत नाही.

सायनोबॅक्टेरिया पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन घेतात आणि ऑक्सिजन सोडतात. मायक्रोसिस्टिस आणि डोलिकोस्पर्मम यांच्या वसाहती वायुपुटिकांच्या, म्हणजे पेशीतील वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्यांच्या, साहाय्याने वर येतात. प्लँक्टोथ्रिक्स रुबेसेन्स हा लालसर तंतू मात्र उन्हाळ्यात मधल्या, थंड होत जाणाऱ्या थरात राहणे पसंत करतो. सिनेकोकॉकस आणि सायनोबियम यांच्या पेशी २ मायक्रोमीटरपेक्षा लहान असल्याने प्लवकांच्या जाळीतून त्या सरळ निसटतात. स्वच्छ पाण्याच्या सरोवरात याच पेशींचे काम सर्वांत मोठे असू शकते, हे जाळी वापरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

उरलेले गट ऑक्सिजन सोडत नाहीत, कारण ते पाण्याऐवजी सल्फाइड, हायड्रोजन, लोह किंवा सेंद्रिय पदार्थ यांच्याकडून इलेक्ट्रॉन घेतात. हिरव्या वनस्पती आणि हे जीवाणू यांची रसायनक्रिया एकाच सर्वसाधारण समीकरणात मांडता येते, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कॉर्नेलिस व्हॅन नील यांनी १९३१ मध्ये दाखवले. या गटांत जांभळे गंधक जीवाणू सल्फाइडचे गंधक करून ते बहुधा पेशीच्या आत कणांच्या रूपात साठवतात. हिरवे गंधक जीवाणू, म्हणजे प्रामुख्याने क्लोरोबियम आणि त्याचे आप्त, ते कण पेशीच्या बाहेर टाकतात. सूक्ष्मदर्शीखाली हा फरक दिसतो, त्यामुळे नवख्यांनी तो पक्का लक्षात ठेवावा. जांभळे बिगर-गंधक जीवाणू, उदाहरणार्थ ऱ्होडोबॅक्टर आणि ऱ्होडोस्यूडोमोनास, सेंद्रिय आम्लांवर प्रकाशात वाढतात आणि अंधारात ऑक्सिजनवरही जगतात. क्लोरोफ्लेक्सोटा संघातील तंतुमय जीवाणू गाळावर आणि ऑक्सिजनविरहित पाण्यात आढळतात. हेलिओबॅक्टेरिया मुख्यतः मातीत राहणारे आणि बीजाणू तयार करणारे असून काठाच्या गाळात त्यांचा शोध घेण्यास हरकत नाही.

यांखेरीज एक गट असा आहे की जो नजरेतून सर्वाधिक वेळा निसटतो. ऑक्सिजनयुक्त पाण्यात राहणाऱ्या काही जीवाणूंकडे बॅक्टेरिओक्लोरोफिल ‘ए’ हे हरितद्रव्यासारखे रंगद्रव्य असते. ते अन्न म्हणून सेंद्रिय पदार्थच वापरतात, पण प्रकाशातून मिळणाऱ्या ऊर्जेमुळे त्या अन्नाची बचत करतात. त्यांच्या पेशीत रंगद्रव्य इतके थोडे असते की पाण्याला रंग येत नाही. पश्चिम गोबी वाळवंटातील एका गोड्या पाण्याच्या सरोवरातून मिळालेला जेमॅटिमोनास फोटोट्रॉफिका याचे वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रकाशसंश्लेषणाच्या जनुकांचा संच पूर्वी केव्हातरी जांभळ्या जीवाणूंकडून त्याच्या वंशात आलेला आहे. २०२४ मध्ये कॅनडातील एका सरोवरातून मिळालेल्या क्लोरोहेलिक्स या क्लोरोफ्लेक्सोटा संघातील जीवाणूची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच्या संघातील इतर ज्ञात प्रकाशसंश्लेषी सदस्य दुसऱ्या प्रकारचे अभिक्रिया केंद्र, म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन हलवणारी प्रथिनरचना, वापरतात, तर हा पहिल्या प्रकारचे वापरतो. गटांची यादी अजून पूर्ण झालेली नाही, याचा एवढा पुरावा पुरेसा आहे.

दुसरी पायरी: नमुन्याआधी मोजमाप

सरोवरावर जाण्यापूर्वी संबंधित प्रशासनाची परवानगी घ्यावी, नावेत किमान दोघे असावेत आणि जीवरक्षक जाकीट घालावे. त्यानंतरचे पहिले काम मोजमापाचे आहे.

सरोवराच्या सर्वांत खोल जागी नाव स्थिर करून तापमान, विद्राव्य ऑक्सिजन, विद्युतवाहकता आणि पीएच यांची नोंद दर अर्ध्या किंवा एक मीटरवर घ्यावी. जिथे मूल्ये वेगाने बदलू लागतात तिथे अंतर १० ते २० सेंटिमीटरपर्यंत कमी करावे. ऑक्सिजनसाठी प्रकाशीय संवेदक वापरणे चांगले, कारण पटल असलेला विद्युतरासायनिक संवेदक सल्फाइडमुळे बिघडतो आणि बिघडलेला असताना चुकीचे आकडे दाखवत राहतो. पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी दोरीने खाली सोडायची सेक्की चकती स्वस्त आहे आणि ती वापरावीच. प्रकाशाच्या खोलीचा ढोबळ अंदाज म्हणून चकती दिसेनाशी होण्याच्या खोलीच्या दोन ते तीन पट खोलीवर पृष्ठभागाच्या सुमारे १ टक्का प्रकाश उरतो असे धरतात. मात्र ही मर्यादा शैवालांसाठी ठरवलेली आहे. हिरवे गंधक जीवाणू त्याहून कितीतरी कमी प्रकाशात तग धरतात, त्यामुळे ‘१ टक्क्याखाली काही नसेल’ असे समजून खाली नमुना घेणे सोडू नये.

प्रकाश किती आहे याइतकेच तो कोणत्या रंगाचा आहे हेही महत्त्वाचे असते. पाणी स्वतःच लाल आणि अवरक्त किरण शोषते, त्यामुळे ७५० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश वरच्या एक-दोन मीटरांतच जवळजवळ संपतो. स्वच्छ सरोवरात खोलवर निळा-हिरवा प्रकाश उरतो, तर कुजलेल्या पाल्याच्या द्रव्याने तपकिरी झालेल्या पाण्यात निळा आधी नाहीसा होतो आणि लालसर प्रकाश थोडा अधिक खाली जातो. खोल थरातील जांभळे जीवाणू आणि तपकिरी रंगाचे हिरवे गंधक जीवाणू त्यामुळे बॅक्टेरिओक्लोरोफिलच्या अवरक्त शिखरापेक्षा (म्हणजे ते सर्वाधिक शोषते त्या अवरक्त प्रकाशापेक्षा) कॅरोटिनॉइड या पिवळ्या-लाल रंगद्रव्यांवर अधिक अवलंबून असतात. गाळात परिस्थिती उलटी होते. तिथे वरचा हिरवा थर दृश्य प्रकाश गिळतो आणि अवरक्त प्रकाश त्याच्या खाली काही मिलिमीटर झिरपतो, म्हणून गाळातील जांभळ्या थराला अवरक्त शिखराचा खरा उपयोग होतो. एकाच गटातील जीवाणू पाण्यात आणि गाळात निरनिराळ्या जातींचे का असतात, याचे एक कारण येथे आहे.

वर्षातील वेळही महत्त्वाची आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. तापमानातील फरकाने थर बनले की तळाचे पाणी वरच्या पाण्यात मिसळत नाही आणि तळाचा ऑक्सिजन हळूहळू संपतो. ऑक्सिजन सोडणाऱ्या आणि न सोडणाऱ्या गटांमधील सीमारेषा पाहायची असेल तर थर बनून बराच काळ लोटल्यावर, म्हणजे पुढच्या मिश्रणाच्या थोडे आधी, जावे. काही सरोवरे मात्र तळापर्यंत कधीच मिसळत नाहीत. स्वित्झर्लंडमधील कदान्यो सरोवर १,९२१ मीटर उंचीवर आणि सुमारे २१ मीटर खोल आहे. त्याच्या तळाशी जिप्सम आणि डोलोमाइटमधून आलेले सल्फेटयुक्त, जड पाणी कायम साचलेले असते. तेथे सुमारे १० ते १४ मीटर खोलीच्या पट्ट्यात जांभळ्या आणि हिरव्या गंधक जीवाणूंचा दाट थर असतो. त्या थरातील क्रोमॅटियम ओकेनाय या मोठ्या पेशी एकत्रितपणे वर पोहत राहिल्याने तेथील पाणी ढवळले जाते, असे मोजमापांतून दिसले आहे.

तिसरी पायरी: पाण्याचे नमुने

मोजमापाचा आलेख हातात आल्यावरच नमुन्यांच्या खोल्या ठरवाव्यात. किमान चार ठिकाणे हवीत: पृष्ठभाग, तापमान झपाट्याने उतरते तो थर, ऑक्सिजन शून्याला टेकतो ती सीमा, आणि तिच्याखाली सल्फाइड असलेले पाणी. दाट जीवाणूंचा थर कधी कधी १० ते २० सेंटिमीटर जाडीचाच असतो. एक मीटर लांबीची नमुना-नळी उभी सोडली तर तो थर बाकीच्या पाण्यात विरळ होतो आणि आकडेवारीत जवळजवळ दिसत नाही. अशा ठिकाणी आडवी नमुना-बाटली वापरावी, किंवा बारीक नळीच्या टोकाला आडवे पसरट तोंड बसवून पंपाने हळू पाणी ओढावे.

सल्फाइड असलेल्या पाण्याच्या बाटल्या काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता बंद कराव्यात आणि थंड व अंधाऱ्या पेटीत ठेवाव्यात. सल्फाइड मोजण्यासाठी वेगळ्या बाटलीत झिंक ॲसिटेट आधीच घालून ठेवावे, म्हणजे ते लगेच बांधले जाते आणि नंतर मिथिलीन ब्लू पद्धतीने निवांत मोजता येते. या वायूबाबत एक इशारा आवश्यक आहे. त्याचा वास सुरुवातीला तीव्र येतो, पण जास्त प्रमाणात तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे समजू नये. तळाचे पाणी व गाळ वाहत्या हवेच्या कपाटाखालीच उघडावे. पृष्ठभागावरील सायनोबॅक्टेरियांच्या थरात मायक्रोसिस्टिनसारखी विषे असू शकतात, म्हणून हातमोजे घालणे हा नेहमीचा नियम ठेवावा.

डीएनएसाठी पाणी ०.२ मायक्रोमीटर छिद्रांच्या फिल्टरमधून गाळतात. गाळ फार असल्यास आधी ३ किंवा ५ मायक्रोमीटरचा फिल्टर लावण्याची प्रथा आहे आणि येथे बरेच जण तो पहिला फिल्टर फेकून देतात. क्रोमॅटियम ओकेनायची पेशी सुमारे ५ मायक्रोमीटर रुंद असते, प्लँक्टोथ्रिक्सचे तंतू त्याहून कितीतरी लांब असतात. हे सारे त्या फेकलेल्या फिल्टरवरच राहते. दोन्ही फिल्टर जपून, वेगवेगळ्या नावांनी, उणे ८० अंशांवर ठेवावेत.

चौथी पायरी: गाळ

गाळासाठी खोरे वापरू नये, कारण त्याने थर उलटेपालटे होतात. पारदर्शक नळी गाळात उभी रोवणारा गुरुत्व-नमुनायंत्र वापरावा. नळी वर आल्यावर गाळावरचे पाणी अजून नितळ असेल तरच नमुना ग्राह्य धरावा. पाणी गढूळ दिसले तर पृष्ठभाग हलला आहे आणि आपल्याला हवा असलेला थर नेमका तोच होता.

उथळ काठावरील गाळात वरचे ५ मिलिमीटर शक्य तितक्या पातळ चकत्यांत कापावेत आणि त्याखाली १ सेंटिमीटरच्या चकत्या पुरेशा आहेत. एवढी काटेकोरी का, याचे उत्तर प्रकाशात आहे. प्रकाश गाळात काही मिलिमीटरच शिरतो. ५ सेंटिमीटर खोलीवर क्लोरोफिल किंवा सायनोबॅक्टेरियांचा डीएनए सापडला तर तो तिथे राहणाऱ्या, प्रकाशावर जगणाऱ्या पेशींचा नसतो. तो वरून बुडालेल्या, सुप्त किंवा मृत पेशींचा असतो. खोल सरोवराच्या तळाशी प्रकाश पोहोचतच नाही, त्यामुळे तिथल्या गाळातील प्रकाशसंश्लेषी जीवाणूंचा सगळा ठसा पाण्याच्या स्तंभाचा इतिहास सांगतो. हा इतिहास स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा आहे. ओकेनोन हे कॅरोटिनॉइड काही जांभळे गंधक जीवाणूच तयार करतात आणि आयसोरेनिएरेटिन हे तपकिरी रंगाच्या हिरव्या गंधक जीवाणूंचे वैशिष्ट्य मानले जाते. ही द्रव्ये गाळाच्या जुन्या थरांत आढळली तर त्या काळी सल्फाइडयुक्त पाणी प्रकाशाच्या टप्प्यापर्यंत वर आले होते, असा अर्थ काढता येतो. मात्र ‘आज येथे कोण राहते’ आणि ‘येथे कोण राहून गेले’ हे दोन प्रश्न एका तक्त्यात मिसळू नयेत.

पाचवी पायरी: त्याच दिवशी सूक्ष्मदर्शी आणि रंगद्रव्ये

डीएनएचे निकाल यायला आठवडे लागतात, सूक्ष्मदर्शी त्याच संध्याकाळी उत्तर देतो. माझ्या मते ही पायरी वगळणाऱ्याला पुढच्या आकडेवारीतील विसंगती ओळखता येत नाहीत. ताज्या थेंबात पेशीतील चकाकणारे गंधकाचे कण, वायुपुटिका असलेल्या पेशी, तंतू आणि वसाहती पाहाव्यात. क्लोरोक्रोमॅटियम ॲग्रेगॅटम नावाने १९०६ मध्ये वर्णन झालेली जोडी दिसली तर तिचे चित्र अवश्य काढून ठेवावे. तिच्या मध्यभागी एक रंगहीन, पोहणारा जीवाणू असतो आणि त्याच्याभोवती हिरव्या गंधक जीवाणूंच्या पेशी चिकटलेल्या असतात. गाळण्याच्या किंवा गोठवण्याच्या धक्क्याने ही जोडी तुटते आणि मग दोन वेगळी नावे तेवढी हाती राहतात.

अखंड पेशींचा शोषण-वर्णपट ३५० ते १,१०० नॅनोमीटरपर्यंत घ्यावा. ६८०च्या आसपास शिखर दिसले तर ते क्लोरोफिल ‘ए’चे, ७१५ ते ७२५ दरम्यान बॅक्टेरिओक्लोरोफिल ‘ई’चे, ७४५ ते ७५५ दरम्यान ‘सी’चे, ७८८ला ‘जी’चे, ८०० आणि ८५०च्या जोडीला किंवा ८७० ते ८९०ला ‘ए’चे, तर १,०२०च्या आसपास ‘बी’चे असते. द्रावकात काढलेल्या अर्कात ही शिखरे सरकतात. मिथेनॉलमध्ये बॅक्टेरिओक्लोरोफिल ‘ए’ ७७०च्या जवळ सहज ओळखू येते, पण ‘सी’चे शिखर क्लोरोफिल ‘ए’च्या इतके जवळ येते की साध्या वर्णपटमापीवर ‘सी’ हे शैवालांचे क्लोरोफिल म्हणून मोजले जाते. त्यामुळे दोन्ही असू शकतील अशा खोलीवर रंगद्रव्ये एकमेकांपासून वेगळी करून मोजणाऱ्या उच्चदाब द्रव वर्णलेखनाशिवाय क्लोरोफिलचा आकडा लिहू नये. ऑक्सिजनयुक्त पाण्यातील विरळ बॅक्टेरिओक्लोरोफिलसाठी अवरक्त प्रतिदीप्ती टिपणारा संवेदनशील कॅमेरा लागतो, साध्या डोळ्याला ते दिसत नाही.

सहावी पायरी: संवर्धन

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राद्स्की यांच्या नावाने ओळखला जाणारा स्तंभ आजही उत्तम सुरुवात आहे. उंच काचपात्रात गाळ, फाटलेला गाळणकागद, थोडे कॅल्शियम सल्फेट आणि कॅल्शियम कार्बोनेट मिसळून वर सरोवराचे पाणी घालावे आणि पात्र विखुरलेल्या, मंद प्रकाशात काही आठवडे ठेवावे. सल्फाइड अधिक सहन करणारे हिरवे जीवाणू साधारणपणे खाली आणि जांभळे त्यांच्या वर वाढतात.

निवडक संवर्धनात दिव्याची निवड निर्णायक असते. नेहमीच्या पांढऱ्या एलईडी दिव्यात ७५० नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ काहीच नसते. जांभळ्या जीवाणूंसाठी तंतूचा जुना दिवा किंवा अवरक्त एलईडी जोडावा, अन्यथा पात्रात सायनोबॅक्टेरिया आणि शैवालेच वरचढ होतात. हिरव्या गंधक जीवाणूंसाठी मंद प्रकाश व अधिक सल्फाइड द्यावे. मोठ्या क्रोमॅटियमसाठी कमी सल्फाइड, कमी तापमान, खंडित प्रकाश आणि माध्यमात जीवनसत्त्व बी-१२ ठेवावे. बिगर-गंधक जांभळ्यांसाठी सक्सिनेट किंवा मॅलेट आणि हवाबंद पात्र पुरते. गाळ ८० अंशांना दहा मिनिटे तापवला तर बीजाणू टिकतात आणि हेलिओबॅक्टेरिया शोधणे सोपे होते. सहज वाढणारा जीवाणू सरोवरातही मुबलक असतोच असे नाही, म्हणून संवर्धनातून विपुलतेचे अनुमान काढू नये.

सातवी पायरी: डीएनए आणि नावांची छाननी

१६एस आरआरएनए या सर्व जीवाणूंत असलेल्या, ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाच्या अनुक्रमणाने कोण आहे हे कळते, ते प्रकाशसंश्लेषण करते की नाही हे कळत नाही. क्लोरोबियमच्या बाबतीत नावावरून क्षमता गृहीत धरता येते. लिम्नोहॅबिटान्ससारख्या वंशात मात्र काही वाणांकडे प्रकाशसंश्लेषणाची जनुके असतात आणि काहींकडे नसतात, त्यामुळे नाव पुरावा ठरत नाही. म्हणून जोडीने अभिक्रिया केंद्राचे पफ-एम जनुक तपासावे. तेही सर्वांना पकडत नाही. ते ऑक्सिजन न सोडणाऱ्या जीवाणूंच्या दुसऱ्या प्रकारच्या केंद्राचे असल्याने हिरवे गंधक जीवाणू, हेलिओबॅक्टेरिया आणि सायनोबॅक्टेरिया त्यात येणारच नाहीत. हिरव्या गंधक जीवाणूंसाठी एफएमओ-ए हे जनुक वापरतात. खर्च परवडत असेल तर संपूर्ण डीएनएचे अनुक्रमण करून जनुके आणि जीनोम एकत्र पाहणे अधिक खात्रीचे ठरते.

प्रत्यक्ष कामात दोन अडथळे नेहमी येतात. कुजलेल्या पाल्यापासून बनलेली गाळातील ह्युमिक आम्ले डीएनएसोबत येतात आणि प्रवर्धन, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया, अडवतात, म्हणून अर्क शुद्ध करावा आणि पातळ करूनही चालवून पाहावा. तसेच रिकामा फिल्टर आणि रिकामा अर्क हे नियंत्रण-नमुने शेवटच्या पायरीपर्यंत सोबत न्यावेत.

अनुक्रम आल्यावर प्रथम हरितलवकांचे अनुक्रम वेगळे करावेत. हरितलवकांचा उगम सायनोबॅक्टेरियांतून झाल्याने ते त्याच नावाखाली येऊन बसतात. पृष्ठभागाच्या नमुन्यात डायाटम ही सूक्ष्म शैवाले भरपूर असतील तर ‘सायनोबॅक्टेरियांचा’ मोठा वाटा प्रत्यक्षात शैवालांचा निघतो. दुसरे म्हणजे, मिळणारे आकडे हे वाटे असतात. एका गटाचा वाटा घटला म्हणजे त्याच्या पेशी घटल्या असे होत नाही, दुसरा गट वाढलेला असू शकतो. पेशींची संख्या हवी असेल तर सूक्ष्मदर्शीची मोजणी किंवा परिमाणात्मक पीसीआर जोडावा लागतो. प्रत्येक खोलीवर किमान तीन स्वतंत्र नमुने नसतील तर दोन थरांच्या विविधतेत फरक आहे, असे विधान करू नये.

निकालाचा तक्ता मांडताना पहिल्या स्तंभात नमुना क्रमांकाऐवजी खोली लिहावी आणि तिच्यासमोर प्रकाश, ऑक्सिजन, सल्फाइड, रंगद्रव्ये, सूक्ष्मदर्शीतील निरीक्षण आणि मग अनुक्रमांची नावे अशा क्रमाने नोंदी ठेवाव्यात. ज्या ओळीत अनुक्रम क्लोरोबियम सांगतात पण बॅक्टेरिओक्लोरोफिल ‘सी’ किंवा ‘ई’ आढळत नाही, तिथे बुडालेल्या किंवा मृत पेशींची शक्यता तपासावी. ज्या ओळीत ८००-८५०चे शिखर आहे पण जांभळ्या जीवाणूंचे नाव नाही, तिथे प्रायमर, म्हणजे जनुक पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा, निसटला आहे की पेशी फेकलेल्या फिल्टरवर राहिल्या, हे शोधून त्या खोलीचा राखून ठेवलेला नमुना पुन्हा चालवावा.